हात दाखवा, सायकल थांबवा

धम्मानंद गजभियेचा उजवा पाय त्याच्या मालकीचा नव्हता, असं त्याची बायको माया म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. एकतीस वर्षं एसटीची गाडी चालवून तो पाय सरकारजमा झाला होता. रस्त्याच्या कडेला कोणी हात वर केला, की डोक्याला कळायच्या आधी पायाला कळायचं आणि ब्रेक लागायचा. नोकरीत होता तोवर या पायाचं कौतुक झालं. गावोगावच्या बायाबापड्यांनी त्याला दुवा दिला. पण रिटायर झाल्यावर त्या पायाचं करायचं काय?

सीताबर्डीत स्कूटरवरून जाताना कोणी ऑटोला हात केला, की हा थांबे. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमत. एकदा तर इंदोऱ्यातल्या त्यांच्याच गल्लीत एका बाईनं गॅलरीत हात वर केला आणि यानं खाली स्कूटर उभी केली.

"काय झालं?" माया मागून म्हणाली.

"हात दाखवला ना तिनं."

"अहो, ती बिचारी लुगडं वाळू घालून राहिली! चला आता, नाहीतर ती खरंच खाली येईल, झाडू घेऊन."

तर असा हा माणूस. आणि त्याची पोरगी उत्तरा, ती अगदी उलट. सव्वीस वर्षांची, शाळेत विज्ञान शिकवणारी, घड्याळाच्या काट्यावर चालणारी. सुट्टीच्या दिवशी ती झाडं वाचवणाऱ्या पोरापोरींबरोबर फिरायची. एका सकाळी तिनं पेपरातली एक बारीक अक्षरातली नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली. धामणीचा रस्ता रुंद होणार होता. शेवटच्या टप्प्यातली दोनशे बारा जुनी झाडं तोडायचं ठरलं होतं. कोणाची हरकत असेल तर त्यानं येत्या बुधवारी दुपारी एक वाजेपर्यंत धामणीच्या कार्यालयात स्वतः येऊन ती लेखी द्यावी. एक वाजल्यानंतर काही घेतलं जाणार नाही.

धम्मानंदानं हातातला कप खाली ठेवला. नागपूर–धामणी गाडी त्यानं अकरा वर्षं चालवली होती. त्या रस्त्यावरच्या थांब्यांना पाट्याच नव्हत्या, झाडं हेच थांबे होते. दुसरी चिंच, वाकडा मोह, जोडनिंब. कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं, की बाई म्हणे, जोडनिंबावर उतरवजा भाऊ. तिकीटसुद्धा तसंच फाटायचं.

"झाड तोडलं तर माणूस उतरन कुठं?" तो म्हणाला. ते तो असं काही बोलला, की मायानं पोळी लाटायची थांबून त्याच्याकडे बघितलं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. घरातला माणूस जाणार म्हटल्यावर वाटावं इतकं.

उत्तरानं लगेच बेत केला. नागपूर ते धामणी, एकशे चाळीस किलोमीटर, सायकलवर, तीन दिवसांत. वाटेत लोकांच्या सह्या घ्यायच्या आणि बुधवारी हरकतीसोबत द्यायच्या. झाडं वाचवा सांगायला धूर सोडत जाणं बरं दिसत नाही, म्हणून सायकल.

"मीही येतो," धम्मानंद म्हणाला.

उत्तरानं त्याच्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"काहून? रस्ता कोणाले माहीत आहे, तुले का मले? एकतीस वर्षांत एक दिवस गाडी लेट नाही आणली मी."

"आणली," माया म्हणाली. "आपल्या लग्नाले दीड तास उशिरा आलते. वाटेत वऱ्हाडाच्या गाडीतून उतरून कोणाच्या बंद पडलेल्या जीपले धक्का मारून राहिलते."

"ते ड्युटीत नव्हतं पकडत."

मग माया स्वतःही निघाली. धंतोलीच्या डॉक्टरनं तिला गुडघ्यांसाठी रोज दोन किलोमीटर सायकल चालवायला सांगितली होती. ती म्हणाली, बापलेकीला वाटेत भांडायला सोडून मी घरी झोपू का? त्यापेक्षा दोन महिन्यांची सायकल तीन दिवसांत उरकून टाकते. उत्तराकडे गिअरची, बारीक चाकांची, लाल सायकल होती. मायासाठी शेजारच्या वैभवीची टोपली लावलेली लेडीज सायकल मागून आणली. धम्मानंदाची सायकल त्याच्या लग्नाआधीची, काळी, भलंमोठं कॅरिअर असलेली. तिला पाहून उत्तरा म्हणाली, "बाबा, ही सायकल आहे की मालगाडी?"

सोमवारी पहाटे थंडीत कानटोप्या घालून तिघं निघाले. धम्मानंदानं रात्रीच वेळापत्रक लिहून खिशात ठेवलं होतं. जुन्या गाडीचं वेळापत्रक त्यानं तिप्पट केलं होतं, अगदी प्रत्येक थांब्याची दोन मिनिटंसुद्धा तिप्पट करून. बुटीबोरी आठ वाजून छत्तीस मिनिटं, असं त्यात होतं.

बुटीबोरीला ते पोचले सव्वादहाला.

चूक कोणाची, तर जगाची. तिघांच्या पाठीवर कापडाचा फलक, "धामणीची झाडं वाचवा". असं कुटुंब सायकलवरून चाललंय म्हटल्यावर लोक हात हलवणारच. पोरं टाटा करत होती, ट्रकवाले खिडकीतून हात काढत होते. सायकलचा ब्रेक हातात असतो हे खरं, पण धम्मानंदाचा पाय आधी पायडल मारायचा थांबायचा. तो उतरून विचारायचा, "बोला, कुठं जायचं?" समोरचा चक्रावून म्हणायचा, "कुठं नाही काका, असंच."

बुटीबोरीत कारखान्यांची पाळी सुटली होती. शे-दीडशे कामगार रस्त्यानं येत होते आणि त्यातल्या निम्म्यांनी हात हलवला. काय सांगावं! उत्तरा दोन किलोमीटर पुढं जाऊन परत आली, तेव्हा तिचे तीर्थरूप घोळक्यात मधोमध उभे राहून बिहारच्या एका पोराला हिंदीत समजावत होते, की जोडनिंब हे दोन झाडांचं नाव नाही, ते एका थांब्याचं नाव आहे.

"बाबा!"

"अवं, सह्या घेऊन राहिलो ना. हे पाय, बासष्ट झाल्या."

सह्या खरंच झाल्या होत्या. त्यामुळे उत्तराला धड रागावताही येईना. माया मात्र रस्त्याकडेच्या दगडावर बसून निवांत तिखट पुरी खात होती. "बस वं," ती लेकीला म्हणाली. "मी याच गाडीत तीस वर्षं बसून आहो."

मंगळवारी तेच. संध्याकाळी सह्या चारशेच्या वर गेल्या आणि ते अर्धा दिवस मागे पडले. बुधवारी सकाळी धामणी अजून बत्तीस किलोमीटर होतं. उत्तरानं निघण्याआधी दोघांना समोर उभं करून, वर्गात बजावतात तसं बजावलं, की आज कोणासाठी थांबायचं नाही. आजची वेळ चुकली तर तीन दिवसांची मेहनत पाण्यात आणि झाडंही गेली. धम्मानंदानं मान हलवली. त्यालाही धास्ती वाटू लागली होती. रात्रभर त्याला एकच दिसत होतं, कार्यालयाचं दार बंद आणि आपण बाहेर.

अकरा वाजता, धामणी बारा किलोमीटर राहिलं असताना, उत्तराच्या बारीक चाकात बाभळीचा काटा शिरला. फुस्स. तिनं चाक काढलं, ट्यूब बाहेर ओढली, तर एक नाही, तीन भोकं.

"बाबा, तुम्ही पुढं जा. फाईल घ्या. मी आणि आई हे जोडून येतो." तिनं सह्यांची फाईल त्याच्या पिशवीत घातली आणि त्याचे दोन्ही दंड धरले. "कोणी हात दाखवला तरी थांबायचं नाही. माझी शपथ आहे. समोर बघायचं आणि पायडल मारायचं."

"नाही थांबत."

"आई, यांना तू पण सांग."

"मी काय सांगू?" माया म्हणाली. "ते मन लावून प्रयत्न करतील, एवढं नक्की."

धम्मानंद निघाला. थोड्याच वेळात झाडं सुरू झाली. दोन्ही बाजूंनी जुन्या चिंचा, निंब, मधूनच एखादा मोह. प्रत्येकाच्या खोडावर पांढऱ्या रंगात आकडा. एकशे चार. एकशे पाच. शाळेत पोरांना उभं करून हजेरी घ्यावी तशी ती झाडं उभी होती. तो जोरात पायडल मारू लागला.

धामणी चार किलोमीटर राहिलं असताना जोडनिंब आला. खाली दोन माणसं उभी होती, एक हिरव्या लुगड्यातली म्हातारी बाई आणि एक काठी टेकलेला माणूस. धम्मानंदाला पाहून बाईनं हात वर केला.

पाय थांबला. सायकल मंद झाली. माझी शपथ, पोरीचा आवाज कानात आला. धम्मानंदानं दात आवळले, मान खाली घातली आणि तो पुढं निघून गेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मागून बाई "ओ भाऊ! ओ भाऊ!" करत राहिली. त्याचे कान तापले. त्याला इतकी लाज वाटली, की पुढचा एक किलोमीटर त्यानं एका झाडाकडेही वर पाहिलं नाही.

अजून एक-दीड किलोमीटर गेल्यावर एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात वर करून उभा. आता काय करणार? शपथ बाजूला उभ्या राहणाऱ्यांसाठी होती, मधोमध उभ्या राहणाऱ्यासाठी नव्हती, असं धम्मानंदानं मनाशी ठरवलं आणि ब्रेक दाबला.

"भाऊ, धामणीले जाऊन राहिले का गा?" म्हातारा म्हणाला. त्याचं नाव रुपराव. "काळीपिवळीची वाट पाहून पाहून मान दुखली माही. आजच नाई आली. ड्रायव्हरच्या घरी लगन हाय म्हणते. मले एक वाजाच्या आत ऑफिसात पोचाचं हाय, झाडाच्या कामासाठी."

"कोणत्या झाडाच्या?"

"ह्याच. माह्या बापानं लावलेल्या चिंचा हायत ह्या."

धम्मानंदानं कॅरिअरवर टॉवेल पसरला. "बसा. पाय चाकात नका घालू."

बासष्टीच्या माणसानं सत्तरीच्या माणसाला डबलसीट घेऊन दोन किलोमीटर ओढणं म्हणजे काय असतं, ते त्या दोघांनाच विचारा. चढ आला की रुपराव मागून म्हणे, "उतरू का गा?" आणि धम्मानंद धापा टाकत म्हणे, "गाडी चालू असताना उतरू नये." बारा वाजून पाच मिनिटांनी ते कार्यालयात शिरले.

टेबलामागच्या बाई अदबीनं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी फाईल उघडली, सह्या चाळल्या, पाणी मागवलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही नागपूरहून सायकलवर आलात, मला खरंच कौतुक वाटतं. पण या सह्या मला सूचना म्हणून जोडता येतील. हरकत धरायची तर नियमानं ज्यांची शेतं या रस्त्याला लागून आहेत, त्यांचीच. आणि तशा तीन जणांनी लेखी हरकत घेतली, तरच मला जागेवर जाऊन झाडांची पाहणी करावी लागते. नाहीतर आज संध्याकाळी फाईल पुढं जाईल."

चारशे बारा सह्या. धम्मानंदानं फाईलवर हात ठेवला.

रुपरावानं खिशातून चारदा घडी केलेला सातबारा काढला आणि टेबलावर उलगडला. "माहं शेत लागून हाय. लिहा एक."

"एक झाली," बाई म्हणाल्या. "अजून दोन पाहिजेत. एक वाजेपर्यंत."

"हायत ना," रुपराव म्हणाला. "आमी तिघं येणार होतो. रुखमाबाई अन् गोपाळराव जोडनिंबावर उभे हायत, काळीपिवळीसाठी. हिरवं लुगडं नेसून हाय ती. तुमाले दिसली असन की भाऊ, येताना."

दिसली असन की! धम्मानंद उठला, टोपी तिथंच राहिली, पाण्याचा ग्लास तिथंच राहिला. बाहेर येऊन त्यानं सायकल फिरवली. चार किलोमीटर जायचं, चार यायचं, पन्नास मिनिटंही नाहीत, आणि कॅरिअर एक, माणसं दोन. हिशोब काही केल्या बसत नव्हता, तरी तो निघाला. पोरीवर रागावावं असं क्षणभर मनात आलं. पण राग कसला, हात तर त्याला स्वतःला दिसला होता. स्वतःच्या डोळ्यांनी. एकतीस वर्षं जे केलं ते आजच्याच दिवशी का नाही केलं, म्हणून तो स्वतःलाच शिव्या घालत होता.

दोन किलोमीटर गेला असेल, तर समोरून एक विचित्र वरात येताना दिसली. टोपलीवाली लेडीज सायकल झोकांड्या खात होती. तिच्यावर माया, तोंड लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले. मागं कॅरिअरवर हिरवं लुगडं. आणि त्यांच्या मागून उत्तरा, एका हातानं लाल सायकल चालवत, दुसऱ्या हातात रुखमाबाईची कापडी पिशवी घेऊन.

मायाला उतरता येत नव्हतं, म्हणून धम्मानंदानंच सायकल वळवून तिच्या बाजूनं घेतली.

"माया! तू थांबली?"

"मी कायले थांबू?" माया धापा टाकत म्हणाली. "पाय थांबला. बाईनं हात दाखवला, अन् मले कळाच्या आधी सायकल उभी! तीस वर्षं तुमच्या मागं बसून माहाही पाय गेला कामातून."

"मी पुढं निघाले होते," उत्तरा खाली मान घालून म्हणाली. वर्गात फळ्यावर चुकीचं लिहिलं गेलं की बाईंचा जसा चेहरा होतो, तसा तिचा चेहरा झाला होता. "आईनं ओरडून परत बोलावलं. मग यांनी सांगितलं, कुठं चालल्यात ते. बाबा, माझ्या सायकलला कॅरिअरच नाही."

"बारीक चाकं घेतली ना," माया म्हणाली, "आता घे."

"अन् तो दुसरा? काठीवाला?"

"जोडनिंबावरच उभा हाय," कॅरिअरवरून रुखमाबाई म्हणाली. "तो येऊन राहिलता पायीपायी. या बाईनं नाई येऊ देलं. म्हणे थांबा, मागून गाडी येते."

धम्मानंदानं बायकोकडे पाहिलं. "मागून कोणती गाडी येणार होती वं? मी तर पुढं गेलतो."

"मले माहीत होतं तुम्ही परत येता," माया म्हणाली. "दोन माणसं रस्त्यावर सोडून तुमाले ऑफिसात पाणी तरी गोड लागलं असतं का? जा आता, बोलत नका बसू. वेळ होऊन राहिला."

तो गेला. आणि कसा गेला! डोळ्यांत पाणी आलं होतं ते वाऱ्यानं, असं त्यानं नंतर सांगितलं. कोणी मानलं नाही. जोडनिंबाखाली गोपाळराव काठी टेकून तसाच उभा होता. धम्मानंद शंभर पावलांवर असतानाच त्यानं हात वर केला.

"मघाशी तुमीच गेलते ना गा, न थांबता?" कॅरिअरवर बसताना त्यानं विचारलं.

"मीच. माफ करा."

"अन् आता?"

"आता ड्युटीवर आहो," धम्मानंद म्हणाला.

परतीची वाट कशी सरली, ते त्याला आजही सांगता येत नाही. गोपाळराव मागून झाडांचे आकडे मोठ्यानं वाचत होता, एवढं आठवतं. एकाला सहा मिनिटं कमी असताना दोघं कार्यालयाच्या आवारात शिरले. उत्तरा फाटकातच होती. तिनं बापाची सायकल धरली आणि गोपाळरावांना हात देऊन आत नेलं. हरकत क्रमांक दोन रुखमाबाईची लागली होती. तीनवर गोपाळरावांनी सही केली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एकाला तीन मिनिटं कमी होती.

बाईंनी तिन्ही कागदांवर शिक्के मारले. "आता मला जागेवर यावंच लागेल," त्या म्हणाल्या. "आणि पाहणी होऊन अहवाल जाईपर्यंत एकाही झाडाला कोणी हात लावणार नाही. पुढच्या गुरुवारी येते. फक्त मला सांगा, गाडी नेमकी कुठं थांबवायची? त्या रस्त्यावर पाट्या नाहीत म्हणतात."

तिघंही शेतकरी एकदम बोलले, "जोडनिंबावर."

"मला कसं कळणार जोडनिंब कोणता?"

सगळ्यांनी धम्मानंदाकडे पाहिलं. तो ओल्या टॉवेलनं मान पुसत होता. एकतीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या हातांसाठी गाडी थांबवली होती. स्वतः रस्त्यावर उभं राहून कोणत्याच गाडीला हात केल्याचं त्याला काही आठवेना.

"त्याची काळजी नका करू मॅडम," तो म्हणाला. "मी तिथं उभा राहतो. हात दाखवतो."

"अन् थांबजा बरं का," माया बाईंना म्हणाली. "नाहीतर हे तुमच्या मागं सायकल घेऊन येतील."